बेन-हर (१९५९) : शर्यत संपली की तुम्ही उठता का?

वळचणीची चिमणी

रविवारी लेकीला धरून बसवून ‘बेन-हर’ दाखवला. विल्यम वायलरचा, चार्लटन हेस्टनवाला. हेस्टन म्हणजे ज्युडा बेन-हर, आणि मेसाला हा त्याचा जुना रोमन मित्र, मग वैरी. लेक सोळाची. पहिला तासभर तिने मोबाइल पालथा ठेवला, हेच माझ्या लेखी मोठं यश. जहाजावर वल्ही मारण्याच्या प्रसंगाला पाय वर घेऊन बसली, रथांच्या शर्यतीला तर उभीच राहिली. मेसाला मेला आणि बाईसाहेब निघाल्या. "अगं, अजून पाऊण तास आहे," म्हटलं, तर म्हणाली, "व्हिलन गेला की. आता काय राहिलंय?"

तिला रागवायला माझी जीभ रेटेना. त्याचं कारण सांगते.

मी हा सिनेमा पहिल्यांदा पाहिला तेव्हा पाचवीत होते. मिरजेच्या एका टॉकीजमध्ये जुना पिक्चर पुन्हा लागला होता. बाबा शाळामास्तर. आम्हां दोघी बहिणींना घेऊन गावाहून आले होते. सहाचा खेळ, आणि आमच्या गावाची मुक्कामी एसटी सव्वानऊला सुटायची. ती चुकली तर स्टँडवर रात्र काढायची. शर्यत झाली, मेसालाने जीव सोडला आणि बाबांनी घड्याळ बघून आम्हाला दंडाला धरून बाहेर काढलं. अंधारात लोकांच्या गुडघ्यांवरून.

त्यामुळे कितीतरी वर्षं माझा बेन-हर तिथेच संपायचा. मरता मरता मेसाला सांगतो की तुझी आई आणि बहीण महारोग्यांच्या दरीत आहेत, शोध जा. एवढं ऐकून आम्ही एसटीत. म्हणजे माझ्या हिशेबी त्या दोघी दरीतच राहिल्या. रात्री पांघरुणात त्यांच्यासाठी रडल्याचं आठवतं. शेवट पाहिला तो बारावीनंतर, पुण्यात वसतिगृहावर, कॅसेट आणून.

तर विचारायचंय हे की, शर्यतीनंतर तुम्ही बसता की उठता? तो शेवटचा भाग खरंच लागतो का सिनेमाला?

खुर्चीतला समीक्षक

चिमणीताई, लेकीचं बरोबर आहे. राग मानू नका.

या चित्रपटाला बारा नामांकनं होती, त्यांपैकी अकरा ऑस्कर मिळाली. नंतर ‘टायटॅनिक’ आणि ‘लॉर्ड ऑफ द रिंग्ज’चा तिसरा भाग त्या आकड्यापर्यंत पोचले, पुढे कुणी गेलं नाही. आता हुकलेलं बारावं कोणतं? पटकथेचं. यातच सगळं आलं. मतदारांनाही कळलं होतं की हा दोन सिनेमांचा जोडगाडा आहे. एक मित्रद्रोहाचा आणि सूडाचा, तो फर्मास आहे. दुसरा येशूच्या अखेरच्या दिवसांचा, तो मागून दोरीने बांधलेला. मी तर शर्यत झाली की सरळ चहा टाकतो.

निवांत नारळ

पॉपकॉर्न घेऊन बसलोय. पावणेचार तास पुरतील एवढे.

घाटाचा राजा

कुणी शर्यतीचा विषय काढला आणि आम्ही गप्प बसलो असं व्हायचं न्हाई. आमच्या घरात तीन पिढ्या बैल पळवलेत. मी पिक्चर पयल्यांदा बगितला तवा कथा काय, देव कोण, कायबी कळलं न्हवतं, इंग्रजी तर नावाला येत न्हवतं. पण ती चार पांढरी घोडी बगितली आणि त्यांच्या मालकाचा, त्या अरब शेखचा जीव कळला. रात्री एकेका घोड्याला नावानं हाक मारून जवळ घेतोय, ज्युडाला वळख करून देतोय. आमचे आबा बैलाला पळवायच्या आदल्या रात्री असंच गोठ्यात जाऊन बसायचे. ते कुणी शिकवून येत न्हाई.

आणि ज्युडा काय सांगतो त्याला? वळणावर कुणाला आत घ्यायचं ते बग. हे शर्यतीतल्या माणसाचं बोलणं हाय. ज्यानं लिवलं त्यानं घोडी जवळनं बगितली असणार.

एक शंका. ते रथ मोडून पडल्यावर ज्युडाचा रथ वरनं उडी मारतो आणि तो पुढच्या अंगाला कोलमडतो, ते खरं का ट्रिक?

टेप रेकॉर्डर

राजे, ते खरं. फक्त तो हेस्टन नाही, जो कॅनट. शर्यतीची जबाबदारी वायलरने अँड्र्यू मार्टन आणि याकिमा कॅनट या दोघांवर सोपवली होती. याकिमा हा साहसदृश्यांतला दादा माणूस, आणि जो त्याचा मुलगा. रथ मोडक्या रथांवरून उडाला तेव्हा पोरगं पुढच्या कठड्यावरून उलटं फेकलं गेलं. सगळ्यांच्या काळजाचा ठोका चुकला, पण निभावलं हनुवटीच्या टाक्यांवर. दृश्य इतकं जबरदस्त होतं की ते ठेवायचंच ठरलं, आणि हेस्टन पुन्हा रथात चढतो तो तुकडा वेगळा घेऊन जोडला.

हेस्टन रथ हाकायला शिकला होता, बऱ्याच ठिकाणी तोच आहे. तो एकदा याकिमाला म्हणाला म्हणे की मला रथ हाकता येतो, पण शर्यत जिंकता येईल का शंका आहे. त्यावर याकिमा : तू फक्त रथात टिकून राहा, जिंकवायचं माझ्याकडे लागलं.

बाकी मापं ऐका. रोमजवळच्या चिनेचित्ता स्टुडिओत अठरा एकरांवर रिंगण उभारलं होतं. युगोस्लाव्हिया आणि सिसिलीहून ७८ घोडे आणले. नऊ-दहा मिनिटांच्या शर्यतीला पाच आठवड्यांचं चित्रीकरण, तेही तीन महिन्यांत विखुरलेलं. एकूण खर्च दीड कोटी डॉलरच्या घरात, आणि एमजीएम कंपनी तेव्हा डबघाईला आलेली. सिनेमा पडला असता तर कंपनीच पडली असती. निर्माता सॅम झिंबालिस्ट त्या ताणात चित्रीकरण चालू असतानाच, नोव्हेंबर १९५८ मध्ये, हृदयविकाराने गेला. त्याचं ऑस्कर त्याच्या बायकोने स्वीकारलं.

रिकामटेकडा इंजिनिअर

शर्यतीत मागे एक लाल मोटार दिसते ना? आणि एक स्टंटमन खरोखर मेला, तो शॉट तसाच ठेवला.

टेप रेकॉर्डर

दोन्ही थापा. वर्षानुवर्षं फिरतायत. मोटार आजवर कुणी दाखवू शकलेलं नाही आणि १९५९ च्या शर्यतीत कुणी मेलं नाही. त्या गोष्टीचं मूळ बहुधा १९२५ च्या मूकपटात आहे. त्या चित्रीकरणात घोड्यांचे फार हाल झाले, कित्येक मेले. गंमत म्हणजे त्या मूकपटाच्या शर्यतीला जे ढीगभर साहाय्यक दिग्दर्शक होते, त्यांत एक पोरगेलासा विल्यम वायलर होता. चौतीस वर्षांनी तोच पुन्हा.

घाटाचा राजा

घोडी मेली हे वाचून जीव खाली गेला. आमच्याकडं शर्यतीवर बंदी आली तवा सगळे मालक शिव्या घालत होते, मी बी घातल्या. पण चाबूक, खिळे, शॉक असलं करणारे लोक होतेच की. आता २०२३ ला सुप्रीम कोर्टानं कायदा मान्य केला, नियम घातले, ते बरं झालं. मेसालाच्या चाकाला पाती लावल्यात तसले लोक प्रत्येक घाटात असत्यात.

शुद्धलेखन पोलीस

धाग्याच्या नावात दुरुस्ती सुचवतो. ‘बेन-हर’ नव्हे, ‘बेन-हूर’. इंग्रजीतून आल्यामुळे आपण ‘हर’ म्हणतो.

निवांत नारळ

हूर म्हटलं की आमच्या हिंदी सिनेमावाल्या मनात वेगळंच चित्र येतं. त्यापेक्षा हर बरा. रथ सुटताना पब्लिकने "हर हर महादेव" म्हणायलाही सोयीचं.

तेल्याचा नातू

पोलीससाहेबांचं बरोबर आहे, पण पूर्ण बरोबर नाही. मूळ हिब्रू उच्चार ‘खूर’च्या जवळचा. मराठी बायबलात ‘हूर’ आहे. मोशेचे हात दमतात तेव्हा अहरोन एका बाजूने आणि हूर दुसऱ्या बाजूने ते धरून ठेवतात, तो हूर. ‘बेन’ म्हणजे मुलगा. अनेक मुलगे झाले की ‘बेने’. म्हणून आम्ही बेने इस्राएल, कोकणातले ज्यू.

मी अश्दोदहून लिहितोय. आमचं मूळ अलिबागजवळच्या नवगावचं. गलबत फुटून आमचे पूर्वज त्या किनाऱ्याला लागले अशी आमच्यात कथा आहे. तेलाचे घाणे चालवायचे, शनिवारी घाणा बंद, म्हणून गावाने नाव दिलं शनिवार तेली.

हा सिनेमा मी आजीबरोबर पाहिलाय. आजी नऊवारी नेसायची आणि आयुष्यभर मराठीतच भांडली. ज्युडा दाराच्या चौकटीवरच्या मेजूजाला (आमच्या धर्मवचनांची डबी) हात लावतो ते पाहून ती एकदम म्हणाली, "अरे, हा तर आपल्यातला!" येशू, रोम, रथ हे तिला सगळं परकं. पण घरात शिरताना चौकटीला हात लावून तो ओठांशी नेणं हे तिचं रोजचं. हॉलिवुडच्या एवढ्या अवाढव्य पडद्यावर तिला तेवढंच दिसलं.

आणि नायिकेचं, एस्तेरचं काम केलेली हाया हरारीत ही हैफाची. म्हणून आमच्याकडे या सिनेमाचं जरा जास्तच कौतुक.

खुर्चीतला समीक्षक

एस्तेरला काम काय होतं पण? डोळे भरून बघणे आणि पाटी घेऊन दरीत जाणे.

वळचणीची चिमणी

समीक्षकराव, पाटी घेऊन दरीत जाणं हे लहान काम नाही हो. सगळे दगड मारत होते तिथे.

नातू, आजींचा किस्सा वाचून डोळ्यांत पाणी आलं. लिहा अजून.

डॉक्टर कोरा चहा

दरीचा विषय निघालाच आहे तर. मी कुष्ठरोग विभागात नोकरी केलीय, त्यामुळे मला हा सिनेमा नीट बघताच येत नाही.

पहिलं म्हणजे बायबलातला ‘कुष्ठ’ हा शब्द अनेक त्वचाविकारांना सरसकट लावलेला आहे. आज आपण ज्याला कुष्ठरोग म्हणतो त्याचा जंतू १८७३ मध्ये हान्सेनने शोधला. तो अतिशय सावकाश वाढतो आणि बहुतेक माणसांत त्याविरुद्ध निसर्गतःच प्रतिकारशक्ती असते. पाटी ठेवून पळून जाण्याइतका तो संसर्गजन्य कधीच नव्हता. १९८० च्या दशकात बहुविध औषधोपचार आला आणि तो पूर्ण बरा होऊ लागला. वेळेत आलात तर बोटंही शाबूत राहतात.

पण मला सिनेमातली भीती खोटी वाटत नाही. तुरुंगाची कोठडी उघडतात, मशाल आत धरतात आणि पहारेकरी दचकून मागे सरतो, तो चेहरा मी खूप पाहिलाय. सुशिक्षित घरांत पाहिलाय. बाबा आमटेसुद्धा पहिल्यांदा असा रोगी पावसात पडलेला पाहून घाबरून पळाले होते आणि मग स्वतःच्या त्या भीतीचीच लाज वाटून परत फिरले. हे त्यांनी स्वतः सांगितलंय. आनंदवन त्यातून आलं.

म्हणून शर्यतीनंतरच्या भागातला माझा प्रसंग बरं होण्याचा नाही. ज्युडा गुहेत शिरून बहिणीला, तिर्झाला उचलून घेतो, तो. आई ओरडतेय, जवळ येऊ नकोस, आणि तो ऐकत नाही. चमत्कार त्यानंतर होतो. माझ्या लेखी उपचार तिथेच सुरू झाला.

समीक्षक, तुम्ही चहा टाकता तेव्हा हे होतं.

वसईची वाळू

डॉक्टर, __/\__

मंद्र सप्तक

संगीताबद्दल अजून कुणीच कसं बोललं नाही? मिक्लोश रोझा. जन्माने हंगेरियन. त्याचं हे तिसरं ऑस्कर.

पुढच्या वेळी पाहाल तेव्हा एक करा. शर्यतीला डोळे मिटा. संगीत नाहीच! रथ ओळीने मिरवत येतात तेव्हा तुताऱ्या आणि ढोल दणाणतात, आणि शर्यत सुटली की सगळं बंद. फक्त टापा, चाकं, चाबूक, गर्दी. आजच्या एखाद्या दिग्दर्शकाने तिथे ढोलताशा आणि कोरस ओतून कान किटवले असते.

उलट येशू येतो तिथे ऑर्गन. एकही शब्द नाही, चेहरा नाही, फक्त तो ऑर्गन. आणि सुरुवातीला एमजीएमचा सिंह आठवतोय? या सिनेमात तो डरकाळी फोडत नाही, गप्प बसून राहतो. पुढे लगेच येशूजन्माचा प्रसंग आहे म्हणून. सिंहालासुद्धा प्रसंग कळतो, आपल्या शेजारच्या मंडपवाल्यांना कळत नाही.

निवांत नारळ

सिंहाचं वाचून हसून हसून पुरेवाट.

वसईची वाळू

चेहरा न दाखवण्याबद्दल लिहायचंच होतं. येशूचं काम क्लॉड हीटर नावाच्या ऑपेरा गायकाने केलंय. श्रेयनामावलीत त्याचं नाव नाही, आणि गायक असून सिनेमात त्याला आवाजही नाही.

नाझरेथचा प्रसंग आठवा. साखळदंडातले कैदी, तहानलेले. शिपायांचा नायक ओरडतो, याला पाणी नाही. ज्युडा कोसळतो, देवाला हाक मारतो. एक हात येतो, पाणी पाजतो, केस सारखे करतो. नायक चाबूक घेऊन धावतो आणि तो माणूस उठून त्याच्यासमोर उभा राहतो. आपल्याला दिसते पाठ. आणि दिसतो त्या नायकाचा चेहरा : राग, मग गोंधळ, मग शरम, मग वळून निघून जातो, पुन्हा एकदा वळून बघतो. त्या नटाने काय काम केलंय! येशूची मूर्ती चर्चमध्ये लहानपणापासून बघतो आम्ही, पण तो ‘समोर असल्यासारखा’ मला या एका अनोळखी चेहऱ्यावर दिसला.

आमच्याकडे गुड फ्रायडेला व्याकूळ दुःखाची गाणी म्हणतात, उपास असतो, संध्याकाळी कुणाच्या तरी घरी हाच सिनेमा लागतो. म्हाताऱ्या मावश्यांना शर्यतीत रस नसतो. त्या तेव्हा कांदा चिरायला जातात आणि शर्यत संपली की परत येतात. चिमणीताई, तुमच्या बाबांच्या अगदी उलट.

रिकामटेकडा इंजिनिअर

अवांतर : रोमन युद्धनौकांवर वल्ही मारायला सहसा गुलाम नसत, पगारी मोकळी माणसं असत. बेड्या घातलेले वल्हेकरी ही पुढच्या काळातली गोष्ट. तेव्हा ज्युडा ‘एकेचाळीस नंबर’चा वल्हेकरी होतो तो अख्खा प्रसंग इतिहासाला धरून नाही.

घाटाचा राजा

नसंल. पर तो ढोलकीवाला हातोडे आपटत वेग वाढवत जातो तवा माझ्या हाताला घट्टे पडत्यात.

अर्धवट वाचक

मेसाला आणि ज्युडाच्या मैत्रीबद्दल एक गोष्ट सांगायला हरकत नसावी. पटकथेचं श्रेय एकट्या कार्ल टनबर्गचं, पण ख्रिस्तोफर फ्राय आणि गोर व्हिडाल यांनीही बरंच लिहिलं. व्हिडालने नंतर सांगितलं की हे दोघे तरुणपणी प्रियकर होते, मेसालाला ते पुन्हा हवंय आणि ज्युडाला नकोय, असं मनात धरून मी भेटीचा प्रसंग लिहिला. स्टीफन बॉइडला सांगितलं, हेस्टनला मुद्दाम नाही. हेस्टनने हे जन्मभर नाकारलं.

खरं कोणाचं ते राहू द्या. हे वाचल्यावर तो प्रसंग पुन्हा पाहा. भाले तुळईत रुततात, दोघे गळ्यात पडतात, आणि बॉइड हेस्टनकडे कसा बघत राहतो. केवळ राजकारणावरून कुणी मित्राचा एवढा सत्यानाश करत नाही. बॉइडला ऑस्करचं साधं नामांकनही नाही, हा अन्याय. शेख झालेल्या ह्यू ग्रिफिथला मात्र मिळालं. वेल्सचा गोरा माणूस, तोंडाला तपकिरी रंग फासून ढेकर देतोय. आज ते बघवत नाही.

घाटाचा राजा

रंगाचं खरं हाय, पर घोड्यावर माया करणारा त्यो येकच होता.

खुर्चीतला समीक्षक

शेखवरून आठवलं. तो शर्यतीआधी ज्युडाला दाविदाचा तारा देतो, तुमचे आणि आमचे लोक मिळून रोमचे डोळे दिपवू, असं काहीसं म्हणतो. १९५९ साली अरबाच्या तोंडी हे वाक्य! यावर खरं तर

संपादक मंडळ

त्यावर वेगळा धागा काढा. इथे नको. – सं.

निवांत नारळ

संपादक रथाच्या चाकांना पाती लावून आले.

कौलारू

इतक्या प्रतिसादांत मुख्य मुद्द्याला कुणी हात लावला नाही. सगळं घडतं कशाने? गच्चीवरून सुटलेल्या एका कौलाने. तिर्झा वाकून नव्या सुभेदाराची मिरवणूक बघते, हाताखालचं कौल निसटतं, सुभेदाराचा घोडा बुजतो. आणि मेसाला नंतर स्वतः वर जाऊन बघतो. कौलं सैलच असतात. त्याला कळतं की अपघात आहे. तरी तो शिक्षा देतोच.

मराठीत कौल घरावर असतं आणि देवासमोरही लावतात. इंग्रजांना ही सोय नाही. आमच्याकडे दर मेमध्ये कौलं परतायला गडी वर चढला की मी खालून ओरडतो, बेन-हर होऊ देऊ नका रे.

पणजेकार

गोव्यातून दोन पैसे. येशूची गोष्ट मराठीत सांगायची परंपरा हॉलिवुडच्या कितीतरी आधीची. फादर थॉमस स्टीफन्स यांचं ओवीबद्ध ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली इथे छापलं गेलं. आणि सिनेमाचं म्हणाल तर आपला सिनेमा सुरू झाला तोच येशूच्या चित्रपटावरून. १९१०-११ च्या सुमारास मुंबईत दादासाहेब फाळक्यांनी ख्रिस्ताच्या जीवनावरचा मूकपट पाहिला, बायकोला, सरस्वतीबाईंनाही तो दाखवायला नेलं. पडद्यावर ख्रिस्त चाललेला आणि यांच्या डोळ्यांपुढे राम, कृष्ण, गोकुळ, अयोध्या. त्यातून १९१३ चा ‘राजा हरिश्चंद्र’. म्हणून असल्या सिनेमांना परके म्हणायला माझं मन घेत नाही.

मुंबईचं धोबी तलावचं मेट्रो थिएटर तर एमजीएमनेच बांधलेलं, १९३८ साली.

टेप रेकॉर्डर

माझे आजोबा ‘बेन-हर’ मुंबईत पाहिल्याचं सांगायचे. थिएटरचं नाव त्यांच्या लक्षात नव्हतं. गालिच्यात पाय रुतत होते आणि आत इतकं गार होतं की आजीने पदर लपेटून घेतला, एवढंच लक्षात.

रिकामटेकडा इंजिनिअर

२०१६ चा नवीन पाहिला का कुणी?

निवांत नारळ

पाहिला. शर्यतीआधी उठलो.

अर्धवट वाचक

धागा वर काढतोय, कारण मधल्या काळात मूळ कादंबरी वाचून काढली. ल्यू वॉलेस, १८८०. हा गृहस्थ अमेरिकन यादवी युद्धातला सेनापती. शायलोच्या लढाईत नावाला बट्टा लागला, तो आयुष्यभर पुसत बसला. सूडाची आणि कलंकाची गोष्ट त्याला का सुचली असेल, ते वाचताना जाणवतं.

कादंबरीत शर्यत अँटिऑकला होते, जेरुसलेमला नाही. आणि ऐका : तिथे पाती-बिती नाहीत. ज्युडा स्वतः जाणूनबुजून मेसालाचं चाक मोडतो. मेसाला मरत नाही, लुळा होऊन जगतो. सिनेमावाल्यांनी ज्युडाचे हात धुऊन दिले आणि पाप मेसालाच्या चाकाला बांधलं.

मला वाटायचं की त्याने सिनेमा मऊ झाला. आता उलट वाटतं. समीक्षक म्हणतात दोन सिनेमे जोडलेत. पण सांधा कुठे आहे बघा. मेसाला छिन्नविच्छिन्न पडलाय, वैद्य पाय कापायला थांबलेत, आणि तो त्यांना थांबवून ठेवतो. ज्युडासमोर अर्धा माणूस म्हणून पडायचं नाही. मग आई-बहिणीचं सांगतो, आणि शेवटचं वाक्य काय? शर्यत संपलेली नाही, ज्युडा. म्हणजे व्हिलननेच सांगितलंय की बसा. ज्युडा जिंकून बाहेर पडतो तो जास्त कडवट होऊन. एस्तेर त्याला तोंडावर सांगते की तूच मेसाला झाल्यासारखा दिसतोस. त्याचा राग उतरतो तो थेट क्रुसापाशी. ज्या माणसाने पाणी पाजलं होतं, त्याला पाणी पाजायला हा धावतो. घरी आल्यावर सांगतो की त्याच्या आवाजाने माझ्या हातातली तलवार काढून घेतली.

पहिली ओंजळ आणि ही दुसरी, यांच्यामध्ये शर्यत बसलीय. दुसरी ओंजळ बघायची नसेल तर पहिलीला तरी कशाला थांबायचं?

खुर्चीतला समीक्षक

विजा आणि वादळाचा चमत्कार मला अजूनही ओढूनताणून वाटतो. पण ओंजळीचं मान्य. या वेळी चहा आधी करून घेईन.

वळचणीची चिमणी

सगळ्यांचे आभार. थोडा उशीर झाला, बाबांना घरी आणायचं होतं.

हा धागा मी त्यांना फोनवर वाचून दाखवला होता. ऐंशीच्या पुढे आहेत, ऐकू कमी येतं, पण डॉक्टरांचा प्रतिसाद दोनदा वाचायला लावला. मग विचारलं, "बाबा, तुम्हाला शेवट माहीत होता का तेव्हा?" तर म्हणाले, "छे. मीही तुमच्याबरोबरच पहिल्यांदा पाहत होतो." म्हणजे इतकी वर्षं त्यांनाही माहीत नव्हतं. मी वसतिगृहावर पाहून आले तेव्हा त्यांना सांगायचं सुचलंच नाही.

गेल्या शनिवारी आम्ही तिघं बसलो. बाबा, मी आणि लेक. थेट मेसालाच्या मरणापासून लावला. लेक बाबांच्या कानाशी ओरडून मराठीत सांगत होती. ज्युडा गुहेत गेला तेव्हा बाबा खुर्चीत पुढे सरकले. पाऊस सुरू झाला, त्या दोघींचे हात स्वच्छ झाले. लेक म्हणाली, "आजोबा, बऱ्या झाल्या त्या."

बाबांनी मान हलवली. मग सवयीने मनगट वळवून घड्याळ बघितलं आणि म्हणाले, "मुक्कामी गेली असेल आता."

निवांत नारळ

जाऊ दे. झोपू स्टँडवर.

शुद्धलेखन पोलीस

धाग्याचं नाव मात्र अजून ‘हर’च आहे.